मधली भिंत

आमच्या खोलीच्या चार भिंतींपैकी एक कारखान्याची होती. तसं पाहिलं तर सगळी खोलीच कारखान्याची, शेटने ती बाबांना राहायला दिलेली. पण ती चौथी भिंत आम्हाला कधी आपली वाटलीच नाही. शुक्रवारची सुट्टी सोडली तर ती रात्रंदिवस थरथरायची. फळीवरचे डबे हळूहळू कडेला सरकत यायचे आणि आई बोलता बोलता हाताने ते आत ढकलायची. गावचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं, बाईला ही खोडच आहे. लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, खडखडाट नाही असं घर तेव्हा आमच्या कामतघरच्या वस्तीत शोधून सापडलं नसतं. आम्ही पोरं त्या आवाजातच निजलो, पाढे पाठ केले, भांडलो. आमची झोप मोडायची ती आवाज थांबला की. लाइट गेली आणि सगळी गल्ली एकदम मुकी झाली की झोळीतली मुलं दचकून रडायला लागायची, आणि बायका अंधारात एकमेकींना हाका मारायच्या. मला अजूनही फार शांत जागी झोप येत नाही. मुलगी म्हणते, आई, तुझं सगळंच उलटं.

बाबा जॉबर होते. लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा, नव्या माणसाला काम शिकवणारा, आणि शेट नि कामगार यांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडच्या शिव्या खाणारा तो जॉबर. अंबाडीच्या पलीकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी इथे आले, लूम शिकले आणि मग गावातल्या कितीतरी पोरांना हाताला धरून घेऊन आले. त्यातला सखाराम तर आमच्या घरचाच झाला होता. सगळ्या लूमवाल्यांसारखे बाबाही ओरडूनच बोलायचे. आत कानठळ्या बसत, त्यामुळे ओठ वाचायची सवय आणि बाहेर आल्यावरही आवाज तोच. त्यांनी आईला "मीठ दे" म्हटलं तरी शेजारणीला वाटायचं, आज यांच्याकडे भांडण आहे.

आई बिशी चालवायची. आमच्याकडे कामगारांच्या खानावळीला बिशी म्हणतात. पडवीत दोन्ही बाजूंना पट्ट्या अंथरलेल्या, मधून वाढायला वाट. शिफ्ट सुटली की माणसं केसांवर, भुवयांवर सुताची पांढरी लव घेऊन यायची, पिंपावर हातपाय धुवायची आणि खाली मान घालून जेवायला बसायची. भात, आमटी, वालाचं बिरडं, कधी सुका जवळा कांद्यावर परतलेला. उत्तरेकडून आलेल्या रामधनीचं भाताने पोट भरायचं नाही, म्हणून आई त्याच्यासाठी जाडजूड चपात्या लाटायची. आणि तो मासळीला शिवत नसे, म्हणून त्याचा तवा वेगळा ठेवायची. "ह्याचा जावयासारखा मान ठेवावा लागतो," असं ती पुटपुटायची, पण तो तवा दुसऱ्या कशाला वापरलेला तिला खपायचा नाही. मी वाढायला असायचे. तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची असेन. शाळा सुटली होती आणि लग्नाचं बोलणं सुरू व्हायचं होतं.

युनियन हा शब्द आमच्या पडवीत आणला तो नरसय्याने. हा तेलंगणातल्या विणकरांच्या घरातला, सडपातळ, आणि लूमवर काम करूनही हळू बोलणारा एकटाच माणूस. तो बोलायला लागला की बाकीचे जेवायचे थांबून त्याच्या ओठांकडे बघायचे. एकदा त्याने आईलाच पकडलं.

"वैनी, आमटीत मीठ कमी हाय असं मी एकटा बोललो तर तुमी काय म्हणणार? नरसय्याची जीभ खराब. सगळे मिळून बोललो तर मीठ टाकता का न्हाय? युनियन म्हंजे एवढंच हाय."

"माझ्या आमटीत मीठ कधी कमी पडत न्हाय," आई म्हणाली आणि आत जाऊन गुपचूप मीठ टाकून आली.

पण ती थट्टा तेवढ्यापुरतीच. नरसय्या हात धुवायला गेला की ती बाबांकडे वळायची. "पाण्यात राहून माशाशी वैर करायचं न्हाय, सांगून ठेवते. त्याला काय, एकटा जीव. आपल्या डोक्यावरचं छप्पर कुणाचं हाय?" आईचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. परवा माझ्या नातवाने, तो इथल्याच एका मोठ्या गोदामात कंत्राटावर आहे, मला विचारलं, आजी, युनियनमध्ये जाऊन काही फायदा असतो का गं? मी त्याच्यापुढे चहा ठेवला. हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता आलं असतं तर हे प्रकरण लिहायला मी बसलेच नसते.

मग रामधनीचा डोळा गेला. लूममध्ये बाण्याचा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तो कधीमधी उडतो. उडाला की गोफणीतल्या दगडासारखा जातो. आमच्या कारखान्यात लूमच्या दोन रांगा समोरासमोर होत्या आणि मधल्या वाटेत माणसं उभी असायची. त्या दुपारी समोरच्या रांगेतला धोटा सुटला तो थेट रामधनीच्या तोंडावर. बाबांनी त्याला आमच्या पडवीत आणलं तेव्हा त्याच्या तोंडावर बाबांचाच पंचा होता आणि तो पंचा बघून आईने मला आत ढकललं. त्याच्या चपात्या चुलीजवळ झाकून ठेवलेल्या होत्या. विशेष म्हणजे आत लूम चालूच होते. कुणी बंद केले नव्हते. आमची भिंत नेहमीसारखी थरथरत होती आणि रामधनी तिला टेकून "हाय दइया, हाय दइया" करत होता.

लूमच्या दोन्ही अंगांना तारेची जाळी बसवली की धोटा बाहेर येत नाही. बाबांनी ती जाळी शेटकडे कितीदा तरी मागितली होती. शेट कधी नाही म्हणायचा नाही. "बघू की धर्मा, एवढी काय घाई," म्हणायचा. रामधनी दवाखान्यातून एका डोळ्यावर पट्टी बांधून परत आला तेव्हा शेटने त्याच्यासाठी मोसंबी पाठवली. त्या शुक्रवारी बाबा नरसय्याबरोबर जाऊन युनियनमध्ये नाव घालून आले. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "एकट्याने मागून बघितलं. झालं तेवढं पुरे." आईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं ते जरा आपटूनच. ती तेव्हापासून रात्रीचं जेवण त्यांच्याबरोबर न घेता मागाहून एकटी घेऊ लागली.

जॉबरने नाव घातलं म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. सखारामने घातलं, मग दोन्ही रांगांतल्या बहुतेकांनी घातलं. सगळे मिळून शेटपुढे उभे राहिले: जाळ्या बसवा. आता शेट चिडणार, माणसं काढणार, गुंड आणणार, असं आम्ही धरून चाललो होतो. गल्लीत दुसरीकडे तसं घडलेलं होतं. पण आमचा शेट म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. तो स्वतः आमच्या पडवीत आला. आईच्या पाटावर बसला, चहा प्यायला, रामधनीच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाळ्या काय, आज बसवाल, उद्या तुटतील," तो म्हणाला. "मी म्हणतो दोन रांगांच्या मधोमध भिंतच घालू ना. छपरापर्यंत. या रांगेतला धोटा त्या रांगेत जायचाच न्हाय. विटा, सिमेंट माझं. हात तेवढे तुमचे लावा, शुक्रवारी. बोला."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागितली तारेची जाळी आणि शेट पक्की भिंत देतोय! नरसय्यासुद्धा हसला. शेट गेल्यावर सखारामने पडवीत अक्षरशः नाच केला. युनियनमध्ये नावं घालून महिनाही झाला नव्हता, आणि शेट दारात येऊन हात जोडून गेला होता. फक्त आई रिकामे कप गोळा करत म्हणाली, "मागितली जाळी नि देतो भिंत. मला न्हाय बाबा हे समजत." बाबा तिच्यावर ओरडले, खरंच ओरडले. "तुला युनियनचं एक चांगलं झालेलं बघवत न्हाय."

भिंत बांधली तो शुक्रवार आमच्याकडे सणासारखा गेला. बाबांनी स्वतः दोरी धरली. पलीकडच्या टोकाला सखाराम, आणि अलीकडे गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून ओळंबा बघणारे बाबा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. एकडोळ्या रामधनीला सगळे बस म्हणत होते, पण तोच ऐकेना; विटा वाहत होता. आईने वाटाण्याची उसळ नि पाव केले. पुढच्या शुक्रवारी भिंत छपराला टेकली. तिला पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ मी बादली घेऊन जायचे आणि तांब्याने पाणी उडवायचे. ओल्या सिमेंटचा तो वास मला आवडायचा. नवं घर बांधल्याचा वास असतो ना, तसा. भिंतीच्या आड आता पलीकडच्या रांगेतल्या माणसांचे ओठ दिसत नव्हते, त्यामुळे इकडच्यांना तिकडच्यांशी बोलताच येईना. त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. डोळे वाचले म्हणजे झालं.

मग एकेक गोष्टी व्हायला लागल्या. पलीकडच्या रांगेला गल्लीच्या बाजूने वेगळा दरवाजा पाडला. शेट म्हणाला, आता भिंतीमुळे फेरा पडतो, म्हणून सोय केली. पटण्यासारखं होतं. मग तिकडे विजेचा दुसरा मीटर बसला, दुसरी मोटर आली. एक पेंटर येऊन नव्या दरवाजावर शेटच्या मेहुण्याच्या नावाची पाटी रंगवून गेला. बाबांनी विचारलं तर शेट हसला. "टॅक्सचं हाय रे, तुला काय करायचंय त्यातलं." शेवटी त्याने बाबांना सांगितलं, नरसय्या नि ती पुढे पुढे करणारी मंडळी पलीकडच्या रांगेत घे, तिकडचे लूम चांगले आहेत, हुशार माणसं तिकडे हवीत. बाबांना तो युनियनचा मानच वाटला. त्यांनी आपल्या हाताने माणसं वाटली. सखाराम नि साधी गावाकडची पोरं इकडे, नरसय्याची मंडळी नि रामधनी तिकडे. त्या दिवसांत नरसय्याचं जेवण कमी झालं. ताटात भात चिवडत बसायचा. मी विचारलं, बरं नाही का, तर म्हणाला, "वाढ गं, वाढ," आणि ताटावर हात आडवा धरला. आईने ते पाहिलं. तिची ती शंका आता त्यालाही छळत असावी.

युनियनने आधीच अर्ज करून ठेवला होता, की आमच्या कारखान्याला कामगारांचे कायदे लावा. त्याप्रमाणे एक दिवस सरकारी साहेब आले. बाबांनी सकाळीच धुतलेला शर्ट घातला होता. मला चहाचा ट्रे घेऊन पाठवलं म्हणून मी तिथे दरवाजात उभी होते. साहेबांनी आधी इकडची माणसं मोजली, मग बाहेर जाऊन नव्या दरवाजाने तिकडची मोजली. पाट्या वाचल्या, मीटर बघितले. मग म्हणाले, "हे दोन वेगळे कारखाने आहेत. एवढ्या कमी माणसांच्या जागेला हा कायदा लागत नाही."

"साहेब, कालपरवापर्यंत एकच होता," नरसय्या म्हणाला. "ही भिंत आत्ता झाली."

"कुणी बांधली?"

शेट जमिनीकडे बघत उभा होता. लूम बंद ठेवलेले होते, त्यामुळे प्रश्न सगळ्यांना नीट ऐकू आला होता. बाबा म्हणाले, "आमी."

साहेब वाईट माणूस नव्हता. शेटने बांधायला सांगितल्याचा काही कागद आहे का, असंही त्याने विचारलं; तो कुणाकडेच नव्हता. मग त्याने बॅग बंद केली. मी आणलेला चहा मात्र त्याने घेतला नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते आमच्या माणसांनी दोरी लावून, ओळंबा धरून केलं होतं.

पुढचा शुक्रवार गेला आणि शनिवारी पलीकडच्या दरवाजाला कुलूप. मेहुण्याचा कारखाना तोट्यात गेला म्हणे. नरसय्या आणि त्याची माणसं ओट्यावर बसून राहिली. इकडची रांग चालू होती आणि बाबांचं कामही. त्या दिवशी जेवायला माणसं आली ती आपसूक दोन बाजूंना बसली. कामावरची दाराकडच्या पट्टीवर, कुलपाबाहेरची चुलीकडच्या. मी मधून वाढत जायचे आणि दोन्हीकडचे माझ्या हाताकडे बघायचे, समोर नाही. एरवी ओरडून बोलणारी ती माणसं घासाचा आवाजही होऊ देत नव्हती. मला खूप भीती वाटली. का ते सांगता आलं नसतं. बाबा तर जेवायलाच आले नाहीत, कारखान्यात बसूनच डबा खाऊ लागले.

थोड्याच दिवसांनी शेट पुन्हा आला. या वेळी बसला नाही. आईला म्हणाला, "वैनी, धर्माचं काम चालू हाय, खोली हाय, मी काय काढलं का तुमाला? फक्त त्याने ते युनियनचं सोडावं. नि त्या बंद पडलेल्यांना तुमी जेवायला घालू नका. पोटाला न्हाय मिळालं की जातील आपापल्या मुलखाला. मग सगळं पयल्यासारखं."

मला वाटलं, आई हो म्हणणार. तिचं तेच तर म्हणणं होतं पहिल्यापासून. ती तांदूळ निवडत होती. खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "माझ्या दारात जेवायला आलेल्याला मी कंच्या बाजूचा तू, असं इचारत न्हाय."

"इचार करा," शेट म्हणाला. माझ्याकडे बघून हसला. "पोरगी लग्नाला आली, वैनी. आता दारात तमाशा नको."

तो गेल्यावर आईने दाराला कडी घातली. भर दुपारी आमच्या दाराला कडी मी पहिल्यांदा पाहिली. त्या संध्याकाळी तिने मला पिंपावर पाणी भरायला एकटीला पाठवलं नाही. बाबांना तिने सगळं सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मी आत राह्यलो तर निदान इकडची पोरं तरी टिकतील," ते म्हणाले. आई म्हणाली, "टिकतील. नि तू?" एरवी ती त्यांना अरेतुरे करायची नाही.

रामधनीला गावाहून निरोप आला, घरी ये. त्याची ती रांगच बंद होती, आणि एका डोळ्याच्या माणसाला दुसरा कुठलाही शेट लूमवर उभा करत नव्हता. आईने त्याच्या त्या वेगळ्या तव्यावर वाटेत पुरतील एवढ्या चपात्या केल्या, गुळाचा खडा बांधला. तो दुपारी निघाला. नरसय्या नि कुलपाबाहेरची माणसं त्याला पोचवायला एस. टी. स्टँडवर निघाली. मी नि आई दारात उभ्या होतो. ती माणसं कारखान्यापुढून जात होती आणि आत लूम चालू होते, त्याचा डोळा गेला त्या दिवशी होते तसेच.

मग एक लूम थांबला. लाइट जाते तेव्हा सगळे एकदम थांबतात. हे तसं नव्हतं. एक थांबला, मग शेजारचा, मग आणखी एक. शेवटी मोटर बंद झाली. आधी सखाराम बाहेर आला, पांढऱ्या केसांचा म्हातारा दिसत होता सुताने. मग बाकीचे. सगळ्यांत शेवटी बाबा, हात पुसत. कुणी घोषणा दिली नाही, कुणी काही ठरवलंही नव्हतं, निदान आम्हाला तरी कुणी सांगितलं नाही. इकडचे नि तिकडचे मिळून रामधनीच्या मागे चालायला लागले. शेट पायऱ्यांवर येऊन "धर्मा, ए धर्मा!" असा ओरडत राहिला. रामधनी मागे वळला, आईला म्हणाला, "भाभी, हम तो अकेले आए थे," आणि चपात्यांचं गाठोडं छातीशी धरून पुढे चालू लागला. आई पदराने डोळे पुसत होती. मीही रडले. आयुष्यात बाबांचा एवढा अभिमान मला परत कधी वाटला नाही.

त्यांनी काय मिळवलं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पुढे काही वर्षांनी गल्लीतल्या काही कारखान्यांत लूमना जाळ्या दिसू लागल्या. त्या कुणामुळे आल्या ते देव जाणे. आमच्या कारखान्यातली ती माणसं तर पुन्हा एका छपराखाली कधी आलीच नाहीत, आणि 'जॉबर धर्मा' हे नाव शेटलोकांत असं फिरलं की बाबांना कामतघरमध्ये कुणी दारात उभं केलं नाही. आम्ही खारबावला गेलो. तिथे बाबा वीटभट्टीवर लागले. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इकडच्या दरवाजालाही कुलूप होतं, आणि शेटची माणसं आमचं सामान बाहेर काढत होती. फळी, डबे, पिंप, पट्ट्या, सगळं रस्त्यावर. गल्लीतली दारं अर्धी अर्धी उघडी होती, आतून बायका बघत होत्या, पण कुणी पुढे येत नव्हतं. बाबा नि सखाराम टेम्पो बघायला गेले होते. आई रस्त्याच्या कडेला भाताच्या उपड्या टोपावर बसली होती आणि मी तिला चिकटून उभी होते. तेवढ्यात नरसय्या आला. पायाजवळ पडलेली पळी त्याने उचलली आणि पिंपात ठेवली.

"नरसय्या," आई म्हणाली, "खानावळवालीचं नाव घेतात का हो तुमच्या युनियनमध्ये?"

"वैनी, आता काय राह्यलंय युनियनमध्ये?"

"म्हणूनच इचारते. लिवा नाव. नि धर्माची बायको असं न्हाय लिवायचं. पार्वती लिवा."